चाळिसावं नाव

वाडीतल्या बायकांच्या नवऱ्यांची नावं सांगायचं काम गंगूकडे होतं. ते तिला कुणी दिलेलं नव्हतं, तिच्याकडे आपोआप आलं होतं. मालवणपासून तासाभराच्या चालीवर असलेल्या त्या किनाऱ्यावर लग्न झालेली बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. जनगणनेचा माणूस येवो, रेशनकार्डाचा कारकून येवो की मतदार यादीचे गुरुजी, दारात उभी असलेली बाई आधी गप्प राही आणि मग म्हणे, गंगूआक्काक विचारा. गंगू सुईण होती. वाडीतले निम्मे नवरे जन्मल्यावर पहिल्यांदा तिच्याच हातात रडले होते. तिला त्यांची कागदावरची नावं पाठ होती, घरात हाक मारायची पाठ होती, आणि कोण पायाळू जन्मला होता तेही पाठ होतं.

ती साठीला आलेली, विधवा, अंगाने काटक. लिहिता-वाचता येत नव्हतं. १९७९ साली तिने सरकारी दाई प्रशिक्षण घेतलं आणि पत्र्याची पेटी मिळवली. पेटीत कात्री, दोरा, साबणाची वडी आणि नखं घासायचा ब्रश होता. ब्रश तिने शेवटपर्यंत वापरला. तिच्या हातचं एकही बाळ धनुर्वाताने गेलं नाही, असं ती सांगत असे आणि वाडी ते मान्य करत असे. उपकेंद्रावर कुठलीही नवी नर्स आली की पहिल्या आठवड्यात गंगूच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन बसे, कारण गंगूशिवाय या वाडीत कुठल्याच घराचं माजघर उघडत नव्हतं.

१९८७ च्या पावसाळ्यानंतर सुशीलाबाई नावाच्या नर्स आल्या. त्यांच्याकडे अकरा वाड्या होत्या. दिवाळी झाल्यावर त्यांनी गंगूला सांगितलं की शाळेत बायकांचं शिबिर भरणार आहे. गर्भपिशवीच्या तोंडाला जो कॅन्सर होतो, त्याची खूण कॅन्सर होण्याच्या आधी सापडते. लाकडाच्या पट्टीने तिथलं थोडं पुसून घ्यायचं, काचेवर पसरायचं आणि काच तपासायला पाठवायची. दुखत नाही, मिनिटभराचं काम. रेशनकार्डांवरून त्यांनी पस्तिशीच्या पुढच्या चाळीस बायकांची यादी केली होती. किती येतील, असं त्यांनी जरा धास्तीनेच विचारलं.

गंगू म्हणाली, चाळीस.

सुशीलाबाई हसल्या. शेजारच्या वाडीत साठांतल्या नऊ आल्या होत्या. गंगूला ते हसणं लागलं. पुढचे आठ दिवस ती घरोघर फिरली. कुणाला समजावलं, कुणाला दटावलं, एकीला तर तिच्या चौथ्या बाळंतपणाची आठवण देऊन म्हणाली की त्या राती माझ्यासमोर लाजली नाहीस, आता डॉक्टरीणबाईसमोर कसली लाजतेस.

शिबिराच्या दिवशी टेबल शाळेच्या पडवीत मांडलं होतं. सुशीलाबाई यादी घेऊन बसल्या होत्या आणि गंगू त्यांच्या खुर्चीला टेकून उभी. आत वर्गात पडद्यामागे डॉक्टर होत्या. बाई टेबलासमोर आली की सुशीलाबाई तिचं नाव वाचत आणि ओळख पटवायला विचारत, नवऱ्याचं नाव? बाई जमिनीकडे बघे. गंगू नाव सांगे. यादीवर खूण होई, बाई आत जाई. दुपारी तीनपर्यंत एकोणचाळीस खुणा झाल्या.

चाळिसावी रुक्मिणी. वय सत्तेचाळीस, नवरा गुणाजी, घर वाडीच्या दक्षिण टोकाला. सकाळीच रापणीला, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, बांगडा भरभरून लागला होता. एवढा मासा वाळूत पडलेला असताना गुणाजीची बायको शाळेच्या पडवीत बसेल, हे होण्यातलं नव्हतं. ती दोन पाट्या भरून कट्टा गावच्या बाजारी गेली होती आणि संध्याकाळच्या एस.टी.शिवाय परतणार नव्हती. डॉक्टरांची जीप चार वाजता निघायची होती.

गंगू दक्षिण टोकाला गेली. विहिरीवर रुक्मिणीची सून कावेरी भांडी घाशीत होती. एकोणतीस वर्षांची, तीन मुलांची आई. नवरा हरिश्चंद्र रत्नागिरीकडच्या एका ट्रॉलरवर होता आणि वर्षातले सात महिने घरी नसे. कावेरीचं नाव यादीत नव्हतं, कारण तिची पस्तिशी व्हायची होती. गंगू म्हणाली की सासूच्या जागी तू चल, एक खूण राहिली आहे. कावेरीने हात धुतले आणि उठली. काही विचारलं नाही. ती एवढ्या चटकन का उठली, याचा विचार गंगूने त्या दिवशी केला नाही.

टेबलापाशी सुशीलाबाईंनी मान वर न करता रुक्मिणीचं नाव वाचलं आणि विचारलं, नवऱ्याचं नाव? कावेरी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन खाली बघत राहिली. गंगूने गुणाजीचं नाव सांगितलं. खूण झाली. आत डॉक्टर काचेमागून काच भरत होत्या, कागद बाहेर टेबलावरच राहत होते. काचेच्या टोकाला पेन्सिलीने लिहिलं गेलं: रुक्मिणी.

जीप गेल्यावर सुशीलाबाईंनी गंगूचे दोन्ही हात हातात घेतले. चाळीसच्या चाळीस, त्या म्हणाल्या, हे मी वर लिहून कळवणार. गंगूने त्या दिवशी घरी जाऊन तांदळाची खीर केली.

*

कागद जानेवारीत आला. अडतीस काचा निर्दोष. एका बाईला साधी सूज, गोळ्या दिल्या की झालं. आणि एक नाव वेगळ्या कागदावर, खाली लाल रेघ. सुशीलाबाईंनी दार लोटून घेऊन तो कागद गंगूला वाचून दाखवला. रुक्मिणी, वय सत्तेचाळीस. पेशी बदललेल्या आहेत. अजून कॅन्सर म्हणता येत नाही, पण उपाय झाला नाही तर काही वर्षांत होईल अशा अवस्थेत. तातडीने मालवणच्या दवाखान्यात आणावं. शिबिराच्या डॉक्टर तिथे एका आड एक गुरुवारी येत.

सुशीलाबाई म्हणाल्या की मी आजच घरी जाऊन सांगते. गंगू म्हणाली की थांबा, मी सांगते, त्या घरात माझंच ऐकतील. सुशीलाबाईंना ते पटलं. गुरुवारला तीन दिवस होते.

पहिला दिवस गंगूने काहीच केलं नाही. पेटी काढली, कात्री उकळली, दोरा बदलला, पेटी परत ठेवली. तिला नर्मदा दिसत होती.

नर्मदा नऊ वर्षांपूर्वी गेली. तीही याच वाडीची, चाळिशीची. आधी मधूनच अंगावर जाऊ लागलं, मग सतत, मग वास येऊ लागला. तिची पथारी पडवीत गेली, पडवीतून गोठ्यात गेली आणि शेवटी तिला होडीतून माहेरी नेऊन सोडलं. वाडीने गंगूला विचारलं होतं की हे काय आहे. गंगूला ठाऊक नव्हतं. पण सुईणीला ठाऊक नाही असं म्हणायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली होती, “ह्या दुखणा बऱ्या घरच्या बायलेक होणा नाय.” त्या एका वाक्यानंतर नर्मदाच्या घरच्यांना दुसरं काही ऐकायची गरज उरली नाही. माहेरी दोन महिन्यांत ती गेली. दिवसकार्याला वाडीतून कुणी गेलं नाही.

आता तेच दुखणं, निदान त्याची सुरुवात, कावेरीच्या अंगात होती. नवरा सात महिने बाहेर असलेल्या कावेरीच्या. वाडी काय म्हणेल ते गंगूला वेगळं ऐकायची गरज नव्हती. ते वाक्य तिनेच वाडीला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली. कावेरी एकटी होती. गंगूने कागदात काय आहे ते सांगितलं. कावेरी कळशी भरत राहिली आणि कळशी भरून वाहू लागली तरी दोर सोडेना. मग तिने सांगितलं की गणपतीला नवरा घरी होता तेव्हा हे सुरू झालं. तो जवळ आला की नंतर रक्त दिसतं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. शिबिराचं कानावर आलं तेव्हा आपलं नाव यादीत नाही म्हणून ती गप्प राहिली होती, आणि गंगू विहिरीवर आली तेव्हा देवानेच पाठवली असं तिला वाटलं होतं.

गुरुवारी मालवणला जाऊया, गंगू म्हणाली.

कावेरी म्हणाली की घरात काय सांगून जाऊ. आणि मग हळूच, विहिरीत बघत:

“माका पण होडयेत घालतले, आक्का?”

गंगू भरलेली कळशी तिच्या कमरेवर देऊन परत फिरली.

*

गुरुवारी ती एकटीच मालवणच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर दुर्गाबाई पस्तिशीच्या आतबाहेरच्या, मूळच्या कुडाळकडच्या, मुंबईत शिकलेल्या. त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, पेशंट कुठे आहे?

गंगूने स्टुलावर बसून सगळं सांगितलं. चाळीस नावं, रापण, कट्ट्याचा बाजार, विहीर. नवऱ्याचं नाव मी सांगितलं, ती बोलली नाही, हेही. सुशीलाबाईंची यात काही चूक नाही, हे दोनदा सांगितलं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी लाल रेघेच्या कागदावरचं वय पेनाच्या टोकाने दाखवलं. म्हणाल्या की सत्तेचाळीस वाचून मी काय ठरवलं होतं सांगू? मुलं-बाळं झाली आहेत, वय झालं आहे, पिशवीच काढून टाकावी म्हणून गोव्याच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवली आहे. एकोणतिशीच्या बाईला तेवढं मोठं करायची गरज नसते. पिशवीच्या तोंडाचा छोटा तुकडा काढला तर बहुधा पुरतं. त्यांनी ती चिठ्ठी फाडली आणि त्याच इस्पितळाला कावेरीच्या नावाने दुसरी लिहिली. आवाज चढवला नाही. पण गंगूला चढलेला आवाज चालला असता.

मग गंगूने जे विचारायला आली होती ते विचारलं. हे दुखणं वाईट वागण्याने होतं काय?

डॉक्टरांनी खुर्ची जवळ घेतली. त्या सावकाश बोलल्या, शब्द मोजून. हा आजार एका विषाणूमुळे होतो असं आता दिसू लागलं आहे, त्या म्हणाल्या, चार-पाच वर्षांतला शोध आहे, अजून सगळं पक्कं झालेलं नाही. हातापायाला चामखीळ येते ना, त्याच्या जातीचा विषाणू. नवरा-बायकोच्या संबंधातून एकमेकांना लागतो. दिसत नाही, दुखत नाही, कुणाला कळतसुद्धा नाही. परदेशात काही ठिकाणी चांगल्या धडधाकट बायका तपासल्या तर शंभरात दहा-बारा जणींच्या अंगात तो त्या दिवशी सापडला. आपल्याकडे अजून नीट मोजलेलं नाही. आणि ते झाले फक्त त्या एका दिवशीचे. बहुतेक जणींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. आज एकीचा गेला, उद्या दुसरीला लागला. म्हणजे आयुष्यात एकदा तरी तो अंगात येऊन गेलेल्या बायका याहून कितीतरी जास्त असणार. थोड्या जणींत मात्र तो मुक्काम करतो. त्यांतल्याही थोड्यांच्या पेशी बिघडतात, आणि तेही सावकाश, दहा-दहा वर्षं घेऊन. म्हणून तर काच तपासायची.

गंगूने विचारलं की एकाच घोवाबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही?

तिलाही. नवऱ्याच्या अंगात लग्नाआधीचा असेल, त्याला स्वतःला ठाऊक नसेल. कुणाकडून आला, कधी आला, हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही, आणि सांगतो म्हणणारा खोटं बोलतो.

गंगू मनात मोजत होती. वाडीत दीडशे लग्न झालेल्या बायका. शंभराला दहा धरले तरी पंधरा. ती म्हणाली, म्हणजे आमच्या वाडीतही आज दहा-पंधरा जणी असतील.

“असतील,” डॉक्टर म्हणाल्या. “कोण, ते कुणालाच माहीत नाही. एकेकाळी तुमच्याही अंगात येऊन गेला असेल.”

गंगू दवाखान्यात शिरल्यापासून शुद्ध बोलणाऱ्या त्या बाईने मग कागद आवरता आवरता घरच्या बोलीत म्हटलं, “माझ्या पण.”

*

रुक्मिणी खळ्यात बसून सुकट पसरत होती. जाड हाडाची, कामाला वाघ आणि बोलायला कमी. गंगू तिच्यासमोर उकिडवी बसली आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. घरात कावेरी होती. आतल्या भांड्यांचा आवाज थांबला.

रुक्मिणीचा हात सुकटावर फिरत राहिला. मग ती म्हणाली, “म्हणजे माझा नाव लावन तू तिका तपासूक निजवलंस.”

“होय.”

“कित्याक?”

चाळीस पुरे व्हायला हवे होते म्हणून, गंगूने सांगितलं. सांगताना ते किती लहान वाटतं हे तिला कळलं.

रुक्मिणीने दुसरी टोपली ओढली. विषाणूचं तिने ऐकून घेतलं, शंभरातल्या दहा-बाराचंही. मग मुलाबद्दल विचारलं, “माझ्या झिलाकडसून इलो?”

“कोणाकडसून ता डॉक्टरीणीक पण सांगूक येणा नाय,” गंगू म्हणाली. “तुझ्या माझ्या अंगात पण येवन गेलेलो आसात.”

“माझ्या?” रुक्मिणीने पहिल्यांदा मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग होता की हसू, ते गंगूला ओळखता आलं नाही. “बत्तीस वर्सां ह्या मनशाबरोबर काढलंय, तेनी माका बांगड्याच्या वासाशिवाय दुसरा काय दिला म्हणान माका म्हायत नव्हता.”

आत कावेरी रडत होती. रुक्मिणीने ते ऐकलं. तिने हात पदराला पुसले आणि पुढचं अगदी साध्या आवाजात विचारलं.

“नर्मदाक काय म्हटलंलंस, याद आसा?”

“आसा.”

“ता खोटा होता?”

“खोटा होता. माका म्हायत नव्हता आणि मी म्हटलंय.”

“मगे ता वाडीक सांग. माझ्या एकटीक सांगान काय होतला? सून माझी हयसून इस्पितळात जातली ती चालत जातली आणि चालत येतली. तेच्या आधी तू सांग.”

एवढं बोलून ती उठली आणि टोपली घेऊन घरामागे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण ओढून झाली आणि वाळूत मासळीचे वाटे पडले. वाट्यांपाशी वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन हजर असतात, आणि गंगूने तीच वेळ निवडली. तिने भाषण केलं नाही. ती म्हणाली की नर्मदाबद्दल मी जे बोलले होते ते खोटं होतं. तिला झालं ते कुणाही बाईला होऊ शकतं. शिबिरातल्या एका काचेवर ते सापडलं आहे आणि ती काच कावेरीची आहे. नाव मी बदललं, तिने नाही. मग तिने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, जेवढं तिला उमजलं होतं तेवढं, आणि शेवटी म्हणाली की या वाळूत उभ्या असलेल्या पन्नास जणींपैकी पाच-सहा जणींच्या अंगात आज तो असेल, आणि कोण ते मलाही माहीत नाही.

पुरुष मासे सोडून दूर झाले होते. एका म्हातारीने विचारलं की हे तुला नऊ वर्षांपूर्वी का नाही सुचलं. दुसरी म्हणाली की सुईण म्हणून आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवायचा आणि तू दुसऱ्याची नावं लावून आम्हाला निजवणार. नर्मदाची धाकटी जाऊ मागे उभी होती. तिने आपला वाटा टोपलीत भरला, टोपली डोक्यावर घेतली आणि गंगूकडे न बघता निघून गेली. ती पुढे कधीच गंगूशी बोलली नाही. तिच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा तिने मालवणहून नर्स आणवली.

*

गोव्याच्या इस्पितळात तिघी गेल्या. कावेरी, रुक्मिणी आणि गंगू. गंगूला रुक्मिणीने बोलावलं नव्हतं, पण ती एस.टी.त चढली तेव्हा खालीही उतरवलं नाही. हरिश्चंद्रला तार केली होती. तो दुसऱ्या दिवशी परस्पर पोचणार होता.

केसपेपरच्या खिडकीला गर्दी होती. कारकून कोकणीत विचारत होता, भराभर. कावेरीचा नंबर आला. नाव? कावेरी. वय? एकोणतीस. घोवाचं नाव?

कावेरीने खिडकीच्या लाकडाकडे बघितलं. तिच्या उजव्या बाजूला सासू होती, डाव्या बाजूला गंगू. कारकुनाने पुन्हा विचारलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की बायल मुकी आहे काय.

नाव गंगूच्या तोंडाशी आलं होतं. चाळीस वर्षांच्या सवयीने ते येणारच होतं. तिने ओठ मिटून घेतले. रुक्मिणीही बोलली नाही. कोपराने तिने सुनेला हलकेच डिवचलं, पाटीखालची चुंबळ सारखी करावी तसं.

“घे नाव,” ती म्हणाली. “माझ्या झिलाचा आसा, मी ऐकतंय.”

कावेरी म्हणाली, “हरिश्चंद्र.” कारकुनाने पुढचं विचारलं, त्याच्या बापाचं नाव. ते सासऱ्याचं. तेही तिने सासूसमोर घेतलं, जरा खालच्या आवाजात: “गुणाजी.” कारकुनाने लिहिलं आणि कागद बाहेर सारला. गंगूने तो वाचता येत नसतानाही हातात घेऊन बघितला आणि कावेरीला परत दिला.

तुकडा काढला. त्याच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे बिघडलेलं सगळं निघालं होतं. चौथ्या दिवशी कावेरी घरी आली, एस.टी.तून उतरून वाडीच्या मधल्या वाटेने चालत. सहा महिन्यांनी पुन्हा काच तपासली, ती निर्दोष होती. पुढे दरवर्षी तपासायची असं ठरलं.

सुशीलाबाईंनी रजिस्टरात खरं ते लिहिलं. वर कळवलेले चाळीस खोडून एकोणचाळीस केले, खाली सही केली, आणि वरून आलेला ठपकाही घेतला. त्यानंतर दोन महिने त्या गंगूशी कामापुरतं बोलल्या. गंगूने त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही.

दुसरं शिबिर १९८९ च्या जानेवारीत भरलं. वयाची अट या वेळी तिशीची होती. टेबल त्याच पडवीत, सुशीलाबाई त्याच खुर्चीत. गंगूला टेबलाजवळ उभं राहायचं नाही असं आधीच सांगितलं होतं. ती अंगणातल्या उंडीच्या झाडाखाली पायरीवर बसली होती. बायका यादीतल्यांपेक्षा जास्त आल्या. नावं या वेळी त्यांनी स्वतः घेतली. काहींनी पदरात तोंड घालून, एकीने सुशीलाबाईंच्या कानात. दोघींनी शेवटपर्यंत घेतली नाहीत आणि रेशनकार्ड पुढे केलं.

रुक्मिणी पहिल्या पाचांत होती. त्या दिवशीही रापण लागली होती, पण तिने पाट्या दुसरीच्या हाती बाजारी पाठवल्या होत्या. सुशीलाबाईंनी विचारलं, नवऱ्याचं नाव? सुनेला खिडकीपाशी डिवचणारी रुक्मिणी गप्प उभी राहिली. तिने वळून झाडाकडे बघितलं.

गंगूने नजर समुद्राकडे वळवली आणि तिकडेच ठेवली.

मग पडवीतून रुक्मिणीचा आवाज आला, बाजारात भाव सांगताना असतो तसा खणखणीत. आणि टेबलावरच्या पेन्सिलीने चालायला सुरुवात केली.